अडकलेला स्क्रू: ठोकायचा इम्पॅक्ट की इझी आऊट?

क्रॉस स्क्रूचं डोकं घासलं की घरी गाडी खोलणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हातात खरे उपाय दोनच, हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर (फटका बसला की टोक थोडं फिरवणारा स्क्रूड्रायव्हर) नाहीतर इझी आऊट (स्क्रूत भोक पाडून आत पिळायची, उलट्या आट्यांची निमुळती कडक काडी). मी दोन्ही घेतले, दोन्ही वापरले, आणि एकाशी माझं काही जमलं नाही, त्यामुळे खालचं लिखाण जरा एका बाजूला कलंडलेलं वाटलं तर समजून घ्या.

गाडी म्हणजे यामाहाची मोटरसायकल आरएक्स १००, ९४ चं मॉडेल, मुक्काम रत्नागिरी. इंजिनाचं ॲल्युमिनियमचं केस, लोखंडी स्क्रू आणि खारी हवा अशी तिघं वर्षानुवर्षं एकत्र नांदली की आट्यांत पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू केसचाच होऊन बसतो. त्यात माझ्या आधी कुणीतरी दोन नंबरच्या, म्हणजे बारक्या टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने क्लच कव्हरच्या स्क्रूंची पार वाट लावलेली, सहा मिलीमीटरच्या त्या स्क्रूला तीन नंबरचं टोक लागतं. शिवाय जपानी गाड्यांचे क्रॉस दिसायला फिलिप्स असले तरी ते जेआयएसचे, म्हणजे जपानी मानकाचे असतात, फिलिप्सचं टोक तळापर्यंत बसतच नाही, जोर लावला की वर चढतं आणि खाच खातं. डोक्यावर बारीक ठिपका असेल तर जेआयएस समजा, नसला म्हणजे नाहीच असंही नाही.

तर इम्पॅक्ट. याची मजा अशी की जो फटका स्क्रू फिरवतो तोच टोक खाचेत दाबूनही धरतो, म्हणून अर्धमेल्या डोक्यावरही तो चालतो, आणि त्या दणक्याने आट्यांतली भुकटीही सैल होते. आदल्या रात्री डब्ल्यूडी फॉर्टी (गंज सैल करायचा स्प्रे) मारून ठेवलं, सकाळी दोन पौंडी हातोडी घेतली (छोट्या हातोडीने टकटक करून फक्त खाच मोठी होते), ड्रायव्हर हाताने उलटा पिळून धरला आणि एक सणसणीत. एक सोडून सगळे निघाले, काही पहिल्याच फटक्याला. दिशा मात्र आधी तपासा, मी एकदा घट्ट करायच्या बाजूला ठेवून दोन फटके मारलेत, तेव्हा शेजारच्यांनी काय ऐकलं ते इथे नको.

उरलेल्या एकाचं डोकं वाटीसारखं झालं होतं, तिथे म्हटलं इझी आऊट आणलाय तर वापरू. पंच मारला, तीनच्या ड्रिलने भोक पाडलं, डावा आटा पिळत गेलो, छान पकडला असं वाटलं आणि टक. बारीकसा आवाज, पण पोटात खड्डा पडला. मोडका तुकडा स्क्रूच्या आत, आणि तो इतका कडक असतो की साधं ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरतं आणि बाजूचं मऊ ॲल्युमिनियम खात सुटतं. कोबाल्टचं ड्रिल आणलं, तेही तसंच. दोन रविवार यात गेले. शेवटी केस घेऊन लेथवाल्याकडे गेलो तर त्यांनी भोकात डोकावून पहिला प्रश्न विचारला, "इझी आऊट मोडलाय ना?" त्यांनी कार्बाइडच्या बरने (गरगर फिरणाऱ्या बारक्या कानशीने) कुरतडून काढला, भोक मोठं झालं, मग हेलिकॉइल (नवे आटे देणारं तारेचं वेटोळं) बसवावी लागली. म्हणजे दहा रुपयांच्या स्क्रूपायी इंजिन महिनाभर पोत्यावर.

नंतर विचार केला तर यात नवल नव्हतंच. जो सहाचा स्क्रू डोक्यावरच्या जोराला जुमानत नाही तो त्याच्या आत घातलेल्या काडीने का फिरावा? वर हा निमुळता असल्याने आत जाताना स्क्रूला बाहेरच्या बाजूला फुगवतो, म्हणजे अजून घट्ट. लेथवाल्यांनीच सांगितलं, साडेसहाच्या ड्रिलने नुसतं डोकं उडवायचं, कव्हर निघून येतं, ताण गेला की उरलेला खुंट ग्रिप प्लायरने बऱ्याचदा सहज फिरतो. हे आधी कळतं तर!

आता इझी आऊट अगदी टाकाऊ आहे असं नाही हं. बोल्ट जास्त आवळल्यामुळे आत तुटला असेल, गंजलेला नसेल, तर तिथे इम्पॅक्टला पकडायला काहीच नाही आणि हा दोन बोटांत काढून देतो. फक्त आधी उलट्या फिरणाऱ्या ड्रिलने भोक पाडून बघा, कधीकधी तुकडा त्याच्यासोबतच बाहेर येतो. तसंच कार्ब्युरेटरच्या वाटीचे किंवा ब्रेक ऑइलच्या डबीचे बारके स्क्रू, तिथे दणके नकोत, कास्टिंगला तडा जाईल. तिथे बरोबर मापाचा जेआयएस ड्रायव्हर, टोकाला थोडी व्हॉल्व्ह घासायची पेस्ट, आणि मुठीवर हलकीशी टपली, माझं तरी एवढ्यात भागलंय.

पण एकच घ्यायचं असेल तर मी सांगेन इम्पॅक्ट, का तर तो हरला तरी स्क्रू होता तिथेच असतो आणि पुढचे रस्ते उघडे राहतात, इझी आऊट हरला की भोकच बुजवून जातो. कदाचित माझाच हात वाकडा असेल, सरळ भोक पाडणाऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकतो. घेताना सोबत तीन नंबरचं टोक आहे ना ते बघून घ्या, माझ्या सेटमध्ये दोन नंबरचीच दोन निघाली. कव्हर परत लावताना मी सगळीकडे ॲलन बोल्ट (षटकोनी खाचेचे) टाकले, आट्यांना बोटभर ग्रीस लावून. इझी आऊटचा उरलेला सेट मेव्हण्याने मागून नेलाय, त्याला हे सगळं सांगूनसुद्धा.