बडोद्यात एमआरडी तपासणी: रिपोर्टला पैकीच्या पैकी, सॅम्पलच्या व्यवस्थेला नाही

मुलांच्या एएलएल ल्युकेमियात, म्हणजे एका रक्ताच्या कर्करोगात, रिलॅप्सचा (आजार उलटण्याचा) धोका जोखायला इंडक्शननंतरच्या, म्हणजे केमोच्या पहिल्या टप्प्यानंतरच्या, एमआरडीइतकी भरवशाची तपासणी दुसरी नाही. एमआरडी म्हणजे उपचारानंतरही उरलेल्या मोजक्या कर्कपेशी. मायक्रोस्कोपखाली स्वच्छ दिसणाऱ्या मॅरोतही (हाडातल्या मगजातही) कर्कपेशी लपून असू शकतात. दहा हजार पेशींत एक कर्कपेशी, म्हणजे 0.01 टक्के, ही पॉझिटिव्ह-निगेटिव्हची नेहमीची सीमारेषा.

रावपुऱ्यातल्या एका खासगी लॅबच्या केंद्रात सॅम्पल देता येतं. फ्लो सायटोमेट्री, म्हणजे लेझरने एकेक पेशी ओळखून मोजणं, बाहेरगावी होते. रिपोर्ट खरंच उत्तम. नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळे होत नाहीत, किती पेशी मोजल्या तेही छापतात. हा आकडा सगळ्यात आधी पाहावा. पाच लाख पेशी मोजल्या तर 0.01 टक्क्याला 50 कर्कपेशींचा पुंजका दिसतो आणि त्यावर विसंबता येतं. लाखभरच मोजल्या तर जेमतेम 10. तेवढ्यावर मुलाची ट्रीटमेंट ठरवू नये. केमोनंतर नव्याने उगवणाऱ्या निरोगी बी पेशी, म्हणजे हेमॅटोगोन, कर्कपेशींसारख्याच भासतात. त्यांचीही वेगळी नोंद असते.

घोळ होतो तो सॅम्पल देताना. सुईतून आलेला पहिला 2-3 मिली मॅरो जांभळ्या बुचाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये एमआरडीसाठीच जायला हवा. नंतरच्या मॅरोत रक्त मिसळतं आणि टक्केवारी खोटी कमी येते. केंद्राच्या फॉर्मवर याची विचारणाच नाही, ही मोठी उणीव. मॅरो काढणाऱ्या डॉक्टरांना आपणच आधी सांगावं. निदानाच्या वेळचा इम्युनोफिनोटायपिंगचा (कर्कपेशींवरच्या खुणांचा) रिपोर्ट जोडावा आणि उपचाराचा कितवा दिवस तेही लिहावं.

सॅम्पल गोठवायचं नाही. 24 तासांत, फार तर 48 तासांत लॅबमध्ये पोचायला हवं, नाहीतर पेशी मरतात. इथे शनिवारी दुपारी दिलेलं सॅम्पल सोमवारी निघतं, उत्तरायणाचे दोन दिवस कुरिअर बंद. मॅरोची तारीख ठरवतानाच डॉक्टरांशी हे बोलून घ्या.

निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नये. मेंदूभोवतालच्या पाण्यातला किंवा वृषणातला आजार मॅरोत दिसेलच असं नाही. केएमटी2ए जनुकातला बदल, हायपोडिप्लॉइडी (गुणसूत्रं कमी असणं) यांसारखे जनुकीय दोष असतील तर धोका वेगळा मोजतात. आणि मेंटेनन्समध्ये, म्हणजे उपचाराच्या शेवटच्या लांब टप्प्यात, 6-एमपी या केमोच्या गोळ्या वारंवार चुकल्या तर चांगल्या एमआरडीनंतरही आजार उलटू शकतो.