रुपयाचे वजन : गुजरीजवळच्या जुन्या नाण्यांच्या एका दुकानाविषयी

कोल्हापुरात महाद्वार रोडवरून गुजरीत शिरले, की सराफांच्या झगमगत्या काचा आणि काचेआडच्या साजांच्या, पुतळ्यांच्या माळांच्या रांगा संपता संपता एक बोळ लागतो आणि त्या बोळात दोन गिऱ्हाइके उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावे, एवढेसे हे दुकान आहे. पाटीवर मालकाचे नाव नाही, ‘जुनी नाणी व नोटा’ एवढीच अक्षरे रंगवलेली आहेत. मी एका बँकेत तीस वर्षे रोखपाल होते, त्यामुळे नाण्यांचे अप्रूप मला फारसे उरलेले नाही. पण पाचवीतल्या नातीने एके दिवशी विचारले, “आज्जी, ‘सोळा आणे खरं’ म्हणतात, मग सतरा आणे खरं का म्हणत नाहीत?” जुन्या रुपयाचे आणे सोळाच होते, पण तोंडी उत्तर देण्यापेक्षा तिच्या हातात आणाच ठेवावा, या विचाराने मी तिला घेऊन तिथे गेले, तिथे मिळणारा चोवीस नाण्यांचा ‘रुपयाचा संच’ विकत घेतला, आणि त्यानंतर तीन-चार वेळा जाऊन आले. दुकान आणि संच या दोहोंविषयी हे लिहीत आहे, कारण दोहोंची प्रत सारखी नाही.

दुकानात सर्वांत आधी नजरेत भरतो तो गल्ल्याशेजारचा लहानसा इलेक्ट्रॉनिक काटा. मालक साठीच्या पुढचे आहेत. कोणतेही नाणे गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी ते काट्यावर ठेवतात आणि म्हणतात, “आधी वजन बघा, मग साल.” पहिल्या भेटीत मला ही विक्रीची लकब वाटली होती. संचातला पहिला रुपया, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा १८४० सालचा ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया, त्यांनी काट्यावर ठेवला तेव्हा आकडा ११.६ ग्रॅमच्या आसपास स्थिरावला आणि त्यांनी समोरच्या सराफी पेढ्यांकडे बोट दाखवून विचारले, “जुना तोळा किती ग्रॅमचा?” गुजरीत आता तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम, परंतु जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे ग्रेन या जुन्या इंग्रजी मापात १८० ग्रेनचा होता आणि कंपनीने १८३५ साली आपल्या सगळ्या मुलखात एकच रुपया चालू केला, तेव्हा त्याचे वजन नेमके तेवढेच ठरवले होते. शेरशाह सूरीने सोळाव्या शतकात पाडलेला चांदीचा रुपया १७८ ग्रेनच्या जवळपास होता आणि मोगलांनीही तो साधारण त्याच वजनात पुढे चालवला, हे लक्षात घेतले म्हणजे कंपनीने नवे काही निर्माण केले नव्हते, चालत आलेल्या वजनावर आपला छाप मारला होता, हे ध्यानात येते. ‘रुपया’ हा शब्द मुळात चांदीचा, आणि चांदी ही तोलून घेण्याची वस्तू. माझ्या हातून तीस वर्षांत किती रुपये गेले याचा हिशेब नाही, पण रुपया हे एके काळी वजन होते, हे मला त्या काट्यापाशी उभे राहिल्यावर कळले.

सालाविषयी मालक सावध का असतात, तेही याच नाण्यावरून समजले. नाण्यावर १८४० छापलेले असले, तरी तो साचा पुढे वीसेक वर्षे तसाच चालला, आणि १८६२ साल असलेले रुपयेसुद्धा सगळे त्याच वर्षीचे नाहीत. साल तेच ठेवून पुढे कित्येक वर्षे ते पाडले जात होते आणि खरे वर्ष ओळखण्यासाठी मागच्या बाजूचे बारीक ठिपके मोजावे लागतात. ते ठिपके दाखवण्यासाठी त्यांनी नातीच्या हाती भिंग दिले, दहा मिनिटे दिली, मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितले आणि त्या दिवशी तो १८६२ चा रुपया आम्ही घेणार नाही हे ठाऊक असूनही हे सगळे केले. सेवेचे मोजमाप मी अशा गोष्टींवरून करते.

पंचम जॉर्जचा रुपया दाखवताना त्यांनी १९११ सालच्या रुपयाची हकीकत सांगितली. बादशहाच्या झग्यावरच्या मानचिन्हात हत्ती कोरलेला होता, पण त्याची सोंड इतकी आखूड दिसत होती की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, सरकारने ती नाणी मागे घेतली आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट कोरून नवा रुपया काढला. त्यामुळे १९११ चा रुपया महाग असतो. संचात अर्थातच तो नाही, १९१८ चा आहे.

आता संचाच्या ज्या भागासाठी मी त्याची शिफारस करीन, त्याकडे वळते. सहाव्या जॉर्जचा चाळीसच्या दशकातला रुपया काट्यावर ठेवला, तर वजन तेच, ११.६६ च्या आसपास, मात्र १९४० पासून त्यातली चांदी जवळजवळ ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आलेली होती. महायुद्धाच्या त्या दिवसांत खोट्या रुपयांना आळा बसावा म्हणून कडेच्या मधोमध एक चर पाडलेला असे, तो नखाला लागतो. १९४७ चा रुपया निकेलचा, त्यावर वाघ आणि वजन पुन्हा तेवढेच. युद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची होती, त्यामुळे चांदीची नाणी गोळा करून निकेलची आणावी लागली, असा त्या वाघाचा इतिहास आहे. मालकांनी एका दोऱ्याला लोहचुंबक बांधून ठेवले आहे; चांदीच्या रुपयाजवळ ते नुसते लोंबकळते आणि वाघाच्या रुपयाला लगेच चिकटते. नातीला चांदी आणि निकेल यांतला फरक त्या दोऱ्याने जितका समजला, तितका माझ्या सांगण्याने समजला नसता.

नंतरची घसरण काट्यावर पाहण्याजोगी आहे. १९५० साली प्रजासत्ताकाचा पहिला रुपया आला, त्यावर बादशहाच्या जागी अशोकस्तंभावरचे सिंह आणि मागे धान्याची कणसे आली, तरी वजनाने तो जुन्या तोळ्याला धरून होता. १९६२ पासूनचा रुपया दहा ग्रॅमचा झाला, १९७५ पासूनचा आठ ग्रॅमचा, १९८३ पासूनचा सहा ग्रॅमचा. १९९२ साली स्टेनलेस स्टीलचा आला तो पाच ग्रॅमलाही थोडा कमी, आणि रुपयाचे ‘₹’ हे चिन्ह २०१० साली ठरल्यावर २०११ पासून जो नवा रुपया आला तो ३.७९ ग्रॅमचा. मी स्वतः गल्ल्यातला एक रुपया मागून काट्यावर ठेवला आणि त्याच्या शेजारी राणीछाप रुपया ठेवला. आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला राणीछाप रुपयाच का लागतो आणि आजचा का चालत नाही, यावर सासूबाईंशी माझे एकदा वाजले होते. त्या हयात असत्या तर मी माघार घेतली असती.

खुर्दा या संचाचा दुसरा उजवा भाग आहे. युद्धकाळातला भोकाचा पैसा, कंगोरेदार एक आणा, चौकोनी चवली म्हणजे दोन आणे, आण्याचा बारावा भाग असलेली पै, आणि १९५७ चा ब्राँझचा नया पैसा अशी नाणी त्यात आहेत. नया पैसा १ एप्रिल १९५७ रोजी चलनात आला. ‘रुपये का सौवाँ भाग’ हे त्यावरचे शब्द जुन्या चौसष्ट पैशांच्या हिशेबाला सरावलेल्या लोकांची समजूत घालण्यासाठी होते. १ जून १९६४ पासून ‘नया’ शब्द गळाला. षट्कोनी तीन पैसे आणि कमळाचे पिवळे वीस पैसे पाहून मला बालपण आठवले, आणि पंचवीस पैसे पाहून ३० जून २०११ ची खिडकी आठवली. त्या दिवसापासून चार आण्याचे नाणे कायदेशीर चलनातून जाणार होते आणि त्याआधीच्या आठवड्यात शहरातल्या किराणा दुकानदारांनी डबेच्या डबे माझ्या काउंटरवर रिते केले होते.

संचात एक वस्तू अशी आहे की ती चुकून घातली गेली असे मला वाटले होते, ती म्हणजे एक रुपयाची नोट. मालकांनी खुलासा केला तो मला पटला. इतर नोटा रिझर्व्ह बँक काढते, पण एक रुपयाची नोट भारत सरकारची असते, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते आणि २०११ च्या नाणे कायद्याच्या व्याख्येत ती नाण्यांतच मोडते. चांदी कमी पडली म्हणून १९१७ साली पहिल्यांदा अशी नोट काढावी लागली आणि तिच्यावर रुपयाच्या नाण्याचे चित्र छापले होते. रोखपालाच्या नोकरीत ही नोट मी हजारदा मोजली असेन; ती नाणे आहे हे मला कोणी सांगितले नव्हते.

आता तक्रारी. संचाची मांडणी राजांच्या क्रमाने केली आहे: राणी, सातवा एडवर्ड, पंचम जॉर्ज, सहावा जॉर्ज आणि मग ‘भारत सरकार’ अशी पाने आहेत. काट्यापाशी जो माणूस रुपयाची गोष्ट वजनाने सांगतो, त्याच्याच संचात वजनाचा एकही आकडा छापलेला नसावा, हे खटकते. सोबतची आठ पानी पुस्तिका तर घाईत छापलेली दिसते. तिच्यात ‘एक आणा म्हणजे सहा पैसे’ असे वाक्य आहे. नातीने त्याला सोळाने गुणले, उत्तर शहाण्णव आले आणि उरलेले चार पैसे कुठे गेले म्हणून ती रडवेली झाली. जुना आणा चार पैशांचा होता आणि नव्या पैशांत तो सव्वासहा पैशांचा होतो. चार आण्यांचे पंचवीस पैसे बरोबर जुळतात, सुट्या आण्याचे जुळत नाहीत, आणि १९५७ साली बाजारात याच अपूर्णांकावरून गिऱ्हाईक-दुकानदारांत खटके उडत. पुस्तिकेने नेमकी हीच मौजेची गोष्ट गाळली आहे.

याहून गंभीर गोष्ट अशी की नाणी मऊ प्लास्टिकच्या खिशांत घातलेली आहेत. असे प्लास्टिक काही वर्षांनी चिकट हिरवट थर सोडते आणि तो नाण्यावर बसतो. नाणी जपणाऱ्या माणसाने हे करू नये. मी सगळी नाणी काढून पुठ्ठ्याच्या चौकटींत ठेवली आहेत आणि ज्यांना संच घ्यायचा असेल त्यांनी पहिल्या दिवशीच तसे करावे. शिवाय १९१८ चा रुपया चकाकत होता. कोणा गृहिणीने चिंच-रांगोळीने घासलेला तो रुपया होता हे ओळखायला मला भिंग लागले नाही. घासलेल्या नाण्यावर बारीक ओरखडे राहतात आणि संग्राहकांच्या लेखी त्याची किंमत उतरते. मी तसे सांगितल्यावर मालक थोडे वरमले, पण वाद न घालता त्यांनी दुसरा, काळपट आणि सुरेख रुपया काढून दिला.

त्यांचा सच्चेपणा मला याच प्रसंगापेक्षा दुसऱ्या दोन प्रसंगांत अधिक दिसला. एक तरुण मोबाईलवरचा मजकूर दाखवत वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे लाखो रुपयांना विकायला आला होता. मालकांनी त्याला चहा पाजला, ते पाच रुपयांचेच आहे असे सांगितले आणि जुनी नाणी विकत घेण्याच्या आमिषाला बळी पडू नका, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ साली दिला आहे, तोही वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी एक शेतकरी नांगरताना सापडलेल्या गाडग्यातली तांब्याची नाणी घेऊन आले. त्यांतले एकही नाणे हातात न घेता मालक म्हणाले, “दादा, हे माझ्याकडं न्हाई, कलेक्टर कचेरीत न्यायचं.” १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. दुकानदाराने नफा सोडून कायदा सांगावा, असे रोज घडत नाही.

शिवकालीन नाण्यांच्या बाबतीतही त्यांची हीच रीत आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेली शिवराई ते विकतात, पण प्रत्येकीच्या पाकिटावर वजन आणि अवस्था लिहिलेली असते. सोन्याचा होन मागितला तर सरळ नाही म्हणतात, कारण बाजारात फिरणाऱ्या होनांत बनावटच जास्त, असे त्यांचे मत आहे. धनुष्यबाणाची छाप असलेली, विळिवायकुर आणि शिवलकुर या प्राचीन राजांची शिशाची नाणी मी मुद्दाम मागितली, कारण ती आपल्या कोल्हापुरातच सापडली आहेत. तीही त्यांनी दाखवली नाहीत. ब्रह्मपुरीच्या उत्खननातले प्राचीन अवशेष पाहायचे तर टाऊन हॉलमधले संग्रहालय जवळच आहे, एवढेच सांगितले.

दराविषयी सांगायचे, तर संचातल्या चांदीच्या नाण्यांची किंमत त्या दिवशीच्या भावावर ठरते आणि वर नाण्याच्या अवस्थेप्रमाणे काही रक्कम लागते; हा हिशेब ते कागदावर मांडून दाखवतात. बाकीच्या नाण्यांची किंमत ठरलेली आहे, त्यात घासाघीस चालत नाही. पावती मागावी लागते, आपणहून मिळत नाही, हे मला रुचले नाही. परदेशी राहणाऱ्या नातलगांना भेट देण्यासाठी संच घेणाऱ्यांनी मात्र एक लक्षात ठेवावे, की शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. मालक हे सांगतात, पण विचारले तरच. दुकान साडेअकराच्या आत उघडत नाही आणि बसायला एकच स्टूल आहे.

पुस्तिकेतली आण्याची चूक मी पेन्सिलीने दुरुस्त करून मालकांना दाखवली. पुढच्या छपाईत वजनांचा तक्ता घालतो असे ते म्हणाले, आणि तोवर नातीने स्वतः काट्यावर घेतलेल्या आठ रुपयांच्या वजनांची यादी, तिच्या वहीच्या पानावरून उतरवून, त्यांनी काचेखाली लावली आहे.