मध काढायला आणि पाहुण्यांना बसवायला: बांबूचा मांडव की चिऱ्याची पडवी?

मधपेट्यांजवळ चार पाहुणे बसतील आणि मधयंत्रही मावेल असं काहीतरी वाडीत उभारायचं म्हटलं, की बोलणं फिरून दोनच गोष्टींवर येतं: बांबूचा षटकोनी मांडव, नाहीतर जांभ्याचे, म्हणजे चिऱ्याचे, खांब आणि वर कौलं. दोन्ही छपरांखाली मी मध काढलाय. स्वतःसाठी दुसरं बांधलं.

पाहुण्यांच्या बाजूने बांबूच सरस, यात वाद नाही. पोळ्याचा सहा कोनी घाट माणगा जातीच्या बांबूच्या काठ्यांत सुरेख उतरतो. माणगा भरीव, सिंधुदुर्गात सहज मिळणारा. वर नारळाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं घातली की भर एप्रिलातही खाली गारवा. पोरं आत शिरली की वर बघतच राहतात. चिऱ्याच्या चौकोनात ती गंमत नाही.

पण बांबू पोखरणारा तो बारीक भुंगेरा! काठीवर टाचणीएवढी भोकं पडतात आणि दुपारी वारा सुटला की मैद्यासारखा पिवळसर भुगा झरू लागतो. मधयंत्र फिरतंय, खाली बरणीला गाळणीचं कापड बांधलंय, आणि त्या कापडावर ही पूड. पाहुणा कौतुकाने विचारतो, "हे पराग का?" काय सांगायचं? बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात काठ्या नीट मुरवल्या तर कीड बरीच आटोक्यात राहते, हे खरं. पण काठी आतपर्यंत मुरली की नाही ते बाहेरून कळत नाही, आणि आपल्याकडच्या पावसात भिजत राहिली तर ते औषध धुऊनही जातं. कदाचित तुमचा कारागीर जास्त चोख असेल. माझं मन मात्र तिथेच उडालं.

चिऱ्यावर शेवाळ धरतं, पण ते मधात पडत नाही. वाशांऐवजी मी लोखंडी पाइप टाकले. दिसायला जरा उणे, पण भुग्याची कटकट नाही. अर्ध्या भिंतीवर जाळी ठोकून मधाचा कोपरा बंद करता येतो, म्हणजे मध काढताना माश्या येऊन तो लुटत नाहीत. वादळाचं म्हणाल, तर 2020च्या 'निसर्ग'ने कौलं आणि झापं दोन्ही उडवली.

काहीही बांधलंत तरी पेट्या छपराबाहेरच ठेवा, दारं पायवाटेकडे नकोत. सातेरी या पाळीव मधमाशीला सारखे धक्के बसले तर ती पेटी सोडून जाते.

मध घरात गाळून इथे फक्त चाखायला देणार असाल, तर खुशाल बांबू घ्या. गाळणं इथेच असेल तर मला चिरा बरा वाटतो. सहा कोनांची हौस असलीच तर ओटा षटकोनी घाला. गवंड्याला आधी दोरीने जमिनीवर आखून द्या.