खालचा पहिला गिअर घ्यावा की नेहमीचाच ठेवावा?

मोटरसायकलची टाकी काठोकाठ भरलेली आहे, दोन्ही बाजूंना पेट्या लावल्या आहेत, मागे सहप्रवासी बसला आहे आणि समोर डबरातून वर चढणारे एक आवळ वळण आहे. अशा ठिकाणी ताशी सहा-सात किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जाता येत नाही आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडला, की गाडी तेवढ्या कमी वेगाने चालायला तयार नसते. मग दोन बोटांनी क्लच अर्धवट धरून ठेवावा लागतो, वळण संपेपर्यंत मनगट भरून येते आणि पाठोपाठ जळक्या क्लचचा तो ओळखीचा वास येतो. खालच्या पहिल्या गिअरचा, म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांवर गाडी नेहमीपेक्षा हळू चालवणाऱ्या गिअरचा, प्रश्न या अर्ध्या क्लचच्या मिनिटाभरापासून सुरू होतो. म्हणून निर्णय घेताना जाहिरातीतील शब्दांपेक्षा एक आकडा महत्त्वाचा धरावा: पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, एंजिन न अडखळता गाडी कमीत कमी किती वेगाने चालते.

हा आकडा काढणे अवघड नाही. यामाहा टेनेरे ७०० चे उदाहरण घेऊ. तिचे प्राथमिक गुणोत्तर (एंजिन आणि क्लच यांच्यामधले) १.९२५, पहिल्या गिअरचे २.८४६ आणि चेनचे स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाके, पुढे १५ व मागे ४६ दात्यांचे असतात, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये एंजिनाच्या सुमारे १६.८ फेऱ्यांमागे मागचे चाक एक फेरी पूर्ण करते. अठरा इंची मागचे चाक एका फेरीत साधारण २.१ मीटर पुढे जाते. एंजिन मिनिटाला १,३०० फेऱ्यांवर न गचकता चालते असे धरले, तर गाडीचा वेग ताशी सुमारे ९.७ किलोमीटर येतो. पुढचे स्प्रॉकेट एक दाता लहान, म्हणजे १४ चे केले, की हाच वेग ९.१ वर उतरतो. गिअरपेटीतला पहिला गिअरच १२ टक्क्यांनी खाली आणला, म्हणजे त्याचे गुणोत्तर तेवढे वाढवले, तर तो सुमारे ८.७ होतो. माणूस चालतो ताशी पाचच्या आसपास, तेव्हा यांपैकी कोणतीही गाडी क्लच न वापरता माणसाच्या चालीने जाणार नाही, हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

एवढ्याशा फरकासाठी खर्च कशाला, असा प्रश्न येथे मनात येणे स्वाभाविक आहे. पण क्लचच्या प्लेटांत तयार होणारी उष्णता गाडीच्या वेगावर ठरत नाही. एंजिनाच्या आणि गिअरपेटीच्या फेऱ्यांमध्ये जी तफावत राहते, तिच्यावर आणि क्लचमधून जाणाऱ्या टॉर्कवर, म्हणजे फिरवणाऱ्या जोरावर, ती ठरते. वरच्याच गाडीने ताशी सात किलोमीटरने चढ चढायचा असेल, तर मूळ गुणोत्तरात ही तफावत मिनिटाला सुमारे ३७० फेऱ्यांची असते, १४ दात्यांच्या स्प्रॉकेटने ती ३०० वर येते आणि १२ टक्के खालच्या गिअरने २५० च्या आसपास. शिवाय गिअर जितका खालचा, तितका तोच चढ चढण्यासाठी क्लचमधून कमी टॉर्क जावा लागतो. दोन्ही गोष्टींचा गुणाकार केला, तर पहिल्या बदलात क्लचची उष्णता जवळपास पाव हिश्शाने आणि दुसऱ्यात सुमारे दोन पंचमांशाने कमी होते. वेगाच्या आकड्यांत किरकोळ वाटणारा फरक क्लचच्या आयुष्यात एवढा मोठा ठरतो, आणि माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते याच गोष्टीकडे.

आता पर्याय पाहू. कारखान्यातूनच बसवून मिळणारा खालचा पहिला गिअर हा बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर (समोरासमोर आडव्या दोन सिलिंडरांच्या) गाड्यांमुळे अनेकांना माहीत झाला. आर ११५० जीएस अॅडव्हेंचर आणि त्यानंतरच्या आर १२०० जीएस अॅडव्हेंचर या गाड्यांवर तो मागणीनुसार मिळत असे. त्यामागचे कारण या गाड्यांच्या रचनेतच होते. एक तर त्यांना चेन नसून मागच्या चाकापर्यंत जोर नेणारा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, असतो, त्यामुळे स्प्रॉकेट बदलून गुणोत्तर खाली आणण्याची सोय नव्हती. दुसरे म्हणजे त्यांचा क्लच एका प्लेटचा आणि कोरडा होता. तेलात बुडालेल्या क्लचला उष्णता वाहून नेण्यासाठी जे तेल मिळते, ते याला मिळत नसे. त्यात ३३ लिटरची टाकी आणि भरल्या टाकीसह २५६ किलो वजन असलेली आर १२०० जीएस अॅडव्हेंचर, वर सामान आणि दोन माणसे, असा सगळा भार चढावर त्या एका प्लेटवर येई. अशा गाडीवर हा पर्याय निवडणारा माणूस हौस करत नव्हता, क्लच वाचवत होता. २०१३ च्या पाण्याने थंड होणाऱ्या एंजिनाबरोबर या मालिकेत ओला, म्हणजे तेलातला, क्लच आला आणि ही निकड बरीच कमी झाली.

काही उत्पादकांनी हा निर्णय गिऱ्हाइकावर न सोडता स्वतःच घेतला. डुकाटीने २०१६ च्या मल्टीस्ट्राडा १२०० एंड्युरोला साध्या मल्टीस्ट्राडापेक्षा खालचा पहिला गिअर आणि मोठे मागचे स्प्रॉकेट दिले, आणि पुढे डेझर्टएक्समध्येही सुरुवातीचे गिअर रस्त्यावरच्या भावंडापेक्षा खाली ठेवले. म्हणून आपण घेत असलेल्या गाडीचा पहिला गिअर मुळातच खालचा आहे का, हे तपासल्याशिवाय आणखी काही बदलण्याच्या भानगडीत पडू नये.

फक्त पहिला गिअर खाली आणण्याची किंमत दुसऱ्या गिअरमध्ये मोजावी लागते. वरच्या उदाहरणात दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर २.१२५ आहे, ६,००० फेऱ्यांवर पहिल्यातून दुसरा टाकला, की एंजिन सुमारे ४,५०० वर येते. पहिला १२ टक्के खाली असेल, तर तेच एंजिन ४,००० वर घसरते. सपाट रस्त्यावर हे जाणवते आणि सवयीने विसरलेही जाते. चढावर मात्र विसरता येत नाही. पहिल्यात एंजिन ओरडत असते, दुसरा टाकेपर्यंत गाडीचा जोर मोडतो, दुसऱ्यात ती दम टाकते आणि पुन्हा पहिल्यावर यावे लागते. डांबरी घाटातल्या अगदी आवळ वळणांवरही हीच अडचण येते, कारण पहिला फार खालचा आणि दुसरा फार वरचा अशी मधली पोकळी तयार झालेली असते. रहदारीत दर सिग्नलनंतर फारच लवकर दुसरा टाकावा लागतो, हा त्रास त्या मानाने लहान असला तरी रोजचा असतो.

चेनच्या गाडीला पुढचे स्प्रॉकेट एक दात्याने लहान करण्याचा मार्ग आहे, आणि तो स्वस्त व परतीचा आहे. पत्र्याच्या वॉशरची दुमडलेली कड छिन्नीने सरळ करायची, मागचा ब्रेक कोणाला तरी दाबून धरायला सांगायचे, नट सोडवायचा, नवे स्प्रॉकेट बसवून वॉशरची कड पुन्हा दुमडायची. नीट हत्यारे असतील तर तासाभराचे काम आहे. यात सर्वच गिअर सारख्या प्रमाणात खाली येतात, म्हणून दोन गिअरांमधली अंतरे होती तशीच राहतात आणि वर सांगितलेली पोकळी पडत नाही. त्याऐवजी हमरस्त्यावर किंमत मोजावी लागते: ज्या वेगाला एंजिन ५,००० फेऱ्यांवर चालत होते, त्याच वेगाला ते ५,३५० वर चालेल, आवाज व कंप वाढतील आणि इंधनही थोडे जास्त लागेल. ज्या गाड्यांचा वेगमापक गिअरपेटीच्या बाहेर जाणाऱ्या दांड्यावरून वेग वाचतो, त्यांत तो सुमारे सात टक्के जास्त दाखवू लागतो. चाकावरून वाचणाऱ्या गाड्यांत काही फरक पडत नाही.

तेवढाच परिणाम मागचे स्प्रॉकेट तीन दात्यांनी मोठे करूनही मिळतो. ५२० किंवा ५२५ मापाच्या चेनमध्ये पुढचा एक दाता कमी केला, तर चेन ताणण्यासाठी मागचे चाक सुमारे ४ मिलिमीटर मागे घ्यावे लागते. मागे तीन दाते वाढवले, तर ते सुमारे १२ मिलिमीटर पुढे येते आणि बहुतेक वेळा लांब चेनच घ्यावी लागते. उलट लहान पुढच्या स्प्रॉकेटभोवती चेनची प्रत्येक कडी जास्त वाकते, झीज थोडी वाढते, आणि काही गाड्यांत चेन स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या हलत्या दांड्यावरच्या) रबरी पट्टीला अधिक घासू लागते. माझा सल्ला असा, की आधी पुढचा एक दाता कमी करून दोन-तीन हजार किलोमीटर चालवून पाहावे आणि हे गुणोत्तर कायम ठेवायचे ठरले, तरच पुढच्या वेळी चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण संच बदलताना मागचे मोठे घ्यावे.

खालच्या गिअरकडून नको त्या अपेक्षाही केल्या जातात. वाळूत आणि चिखलात त्याचा उपयोग जवळजवळ नाही. तेथे चाकाला जोर कमी पडत नसतो, पकड कमी पडत असते. खालच्या गिअरमध्ये थ्रॉटलची थोडीशी हालचालही चाक फिरवून टाकते, म्हणून अशा जमिनीवर दुसरा गिअर टाकून वेग टिकवणेच बरे असते. सैल खडीच्या उभ्या चढावरही तसेच. त्याचा खरा उपयोग मोठमोठ्या दगडांवर, पायऱ्यांसारख्या उंचवट्यांवर, आवळ वळणांवर आणि उतारावर होतो. उतारावर एंजिनच गाडी धरून ठेवते, ब्रेक तापत नाहीत आणि पुढचा ब्रेक वळणापुरता राखून ठेवता येतो. मात्र उतार भुसभुशीत असेल, तर एंजिनाचा हाच रेटा मागचे चाक घसरवू शकतो, तेव्हा तेथेही एखादा गिअर वर असणे सोयीचे पडते. क्लचचाच त्रास नको असेल, तर होंडा आफ्रिका ट्विनच्या डीसीटीसारखी (दोन क्लचच्या आपोआप चालणाऱ्या गिअरपेटीसारखी), क्लचचा दांडाच नसलेली व्यवस्था हा वेगळा मार्ग आहे, पण तो गाडी निवडतानाच घ्यायचा निर्णय आहे.

तर कोणी काय घ्यावे? शाफ्टची, कोरड्या क्लचची जड गाडी जुन्या बाजारातून घेत असाल आणि सहप्रवासी व सामानासह कच्च्या चढांवर नियमित जाणार असाल, तर खालचा पहिला गिअर असलेलीच गाडी शोधावी, कारण नंतर तो बसवायचा म्हणजे गिअरपेटी उतरवून फोडावी लागते आणि त्या खर्चात दुसऱ्या बऱ्याच गोष्टी होऊ शकतात. तीच गाडी बहुतांश डांबरावर चालणार असेल, तर नेहमीची गिअरपेटीच सुखाची आहे. चेनच्या गाडीवर केवळ पहिल्या गिअरसाठी गिअरपेटीला हात लावू नये. एक दाता पुरेसा ठरतो, आणि तो पुरेसा ठरला नाही तर बहुधा पेट्यांमधले सामान जास्त झालेले असते. एकट्याने, हलक्या सामानाने, ओल्या क्लचच्या मध्यम वजनाच्या गाडीवर फिरणाऱ्याने काहीही न बदलता आधी मागचा ब्रेक हलका दाबून थ्रॉटल स्थिर ठेवण्याचा सराव करावा; अर्धी अडचण त्यानेच दूर होते.

जुनी गाडी पाहताना विक्रेता खालचा पहिला गिअर असल्याचे सांगतो, पण कागदपत्रांत नोंद सापडत नाही, असे घडते. तेव्हा मोबाइलमधील जीपीएस लावून पहिल्या गिअरमध्ये ३,००० फेऱ्यांवरचा स्थिर वेग नोंदवावा, मग दुसऱ्यात तेवढ्याच फेऱ्यांवरचा. दुसऱ्या वेगाला पहिल्याने भागून येणारा आकडा त्या मॉडेलच्या नेहमीच्या गिअरपेटीच्या तपशिलाशी, म्हणजे पहिल्या गिअरच्या गुणोत्तराला दुसऱ्याच्या गुणोत्तराने भागून येणाऱ्या आकड्याशी, ताडून पाहावा. तो स्पष्टपणे मोठा आला, तर पेटीत खालचा गिअर आहे, आणि तोच आला, तर विक्रेत्याशी बोलणे नेहमीच्या गिअरपेटीच्या गाडीच्या भावाने करावे.