डॉलरचा जुना भाव काढायचाय? रेफरन्स रेट आर्काइव्हचा आढावा

सावदा-रावेरकडून आखातात केळी पाठवणारे, जळगाव एमआयडीसीतले चटईवाले, दोंडाईचा-नंदुरबारचे मिरचीवाले आणि या सगळ्यांच्या वह्या तपासणारे सीए. मार्चअखेर आली की प्रत्येकाला हेच हवं असतं: अमुक तारखेला डॉलर कितीला होता? गूगलला विचारलं तर आकडा मिळतो, पण ऑडिटला तो चालेलच असं नाही. चालतो तो रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या रेफरन्स रेट आर्काइव्हमधला, म्हणजे रोजच्या अधिकृत संदर्भ दरांच्या जुन्या नोंदींमधला. पैसे पडत नाहीत, खातं उघडावं लागत नाही आणि आपल्या कामापुरती याच्याइतकी भरवशाची सोय दुसरी नाही. आपलं काम नेमकं कोणतं, हे मात्र आधी ठरवावं लागतं.

वापरायला सोपं आहे. कधीपासून-कधीपर्यंतच्या तारखा टाकायच्या, चलन निवडायचं, तक्ता समोर येतो. डॉलर, पौंड, युरो आणि येन यांचे दर चार दशांश स्थळांपर्यंत मिळतात. येनचा आकडा 100 येनचा असतो. जपानी मशीनच्या बिलाला तो एका येनचा म्हणून लावला की रक्कम शंभरपट फुगते. दुबईच्या दिरहमसाठी अडून बसायचं कारण नाही. 1997 पासून एक डॉलर म्हणजे 3.6725 दिरहम असं पक्कं बांधलेलं आहे, तेव्हा डॉलरच्या दराला 3.6725 ने भागा, झालं.

दर निघतो कसा, हे माहीत असेल तर निम्मे घोळ टळतात. 9 जुलै 2018 पर्यंत तो रिझर्व्ह बँक स्वतः काढत असे. 10 जुलैपासून हे काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडियाकडे, म्हणजे एफबीआयएलकडे गेलं. सकाळी 11:30 ते 12:30 मधल्या बाजारातल्या प्रत्यक्ष व्यवहारांवरून दर निघतो आणि दुपारी दीडच्या सुमारास जाहीर होतो. दुपारनंतर रुपया कितीही आपटला तरी त्या दिवसाच्या आकड्यात ते दिसत नाही. 28 ऑगस्ट 2013 ला रेफरन्स रेट होता 68.36, आणि दिवस संपेपर्यंत डॉलर 68.80 च्या घरात पोचला होता.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो सुट्ट्यांचा. 31 मार्च 2024 ला रविवार, 30 ला शनिवार, 29 ला गुड फ्रायडे. म्हणून त्या वर्षाचा शेवटचा दर 28 मार्चचा: 83.3739. दिरहम काढला तर 22.7022. पुढच्या वर्षी 31 मार्चला ईदची सुट्टी, आधी शनिवार-रविवार. तेव्हा पुन्हा 28 मार्चच, दर 85.5814. आर्काइव्हमध्ये 31 मार्च टाकून तक्ता रिकामा आला तर साइट बिघडली असं समजू नका, मागच्या कामाच्या दिवशी जा. खासगी संकेतस्थळं अशा दिवशीही काहीतरी आकडा दाखवतात, आणि तिथेच ताळेबंद आणि ऑडिटरचा आकडा जुळेनासा होतो. सुट्टी मुंबईच्या बाजाराची धरायची. जळगावची शाखा उघडी होती की नाही याला अर्थ नाही.

आता मर्यादा. रेफरन्स रेट म्हणजे केळीचा बोर्डाचा भाव. छापलेला वेगळा, हातात पडणारा वेगळा. बँक तुमचे डॉलर घेते ते टीटी बाइंग रेटने, आणि तो कमी असतो. समजा 12,000 डॉलरचं बिल आहे आणि फरक 40 पैशांचा. 4,800 रुपये तिथेच गेले. बँकेने किती कापलं ते तपासायला हे आर्काइव्ह उत्तम, पण वसुलीची नोंद मात्र बँकेच्या ॲडव्हाइसवरच्या, म्हणजे रक्कम जमा झाल्याच्या सूचनेवरच्या दरानेच करा.

हे आर्काइव्ह सुरू होण्याआधीचा काळ हवा असेल तर इथे वेळ घालवू नका. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हची रोजची रुपया-डॉलर मालिका 2 जानेवारी 1973 पासून आहे, पण तो न्यूयॉर्कचा दुपारी बाराचा दर. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीच्या हँडबुकमध्ये वर्षाची सरासरी मिळते: 1990-91 ला 17.94, 1991-92 ला 24.47. या दोन आकड्यांच्या मध्ये 1 आणि 3 जुलै 1991 ची दोन अवमूल्यनं दडलेली आहेत, त्यामुळे त्या वर्षातल्या एखाद्या व्यवहाराला सरासरी लावणं चूकच. मार्च 1992 ते फेब्रुवारी 1993 मध्ये तर दोन दर चालू होते: निर्यातदाराच्या 40 टक्के रकमेला सरकारी, 60 टक्के रकमेला बाजाराचा. त्या काळातला कागद हातात आला तर दर कोणता लावलाय ते आधी पाहा. 6 जून 1966 ला डॉलर 4.76 वरून 7.50 झाला, एवढं पाठच असू द्या.

कस्टम्स आणि आयकर या आर्काइव्हला विचारत नाहीत. कस्टम्सचा दर आयातीला वेगळा, निर्यातीला वेगळा. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी जाहीर होतो आणि दुसऱ्या दिवसापासून लागू. जुलै 2024 पासून तो आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर मिळतो. मालाच्या निर्यातीला जीएसटीसाठीही हाच. आयकराला स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (मार्च 2026 पर्यंत 1962 च्या नियमांतल्या 115 क्रमांकाप्रमाणे): पगार, लाभांश, भांडवली नफा अशा उत्पन्नांना आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा, धंद्याच्या उत्पन्नाला वर्षाच्या शेवटच्या दिवसाचा. आणि स्टेट बँकेच्या साइटवर रोज नवं दरांचं कार्ड चढतं, कालचं जातं. म्हणून महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी ती पीडीएफ उतरवून, नावात तारीख टाकून ठेवा. कार्डावर टीटी बाइंग, बिल बाइंग आणि नोटांचा दर शेजारी-शेजारी असतात. घाईत बिलाच्या रकान्यातला आकडा उचलला जातो.