मॅच बुलेट की हंटिंग बुलेट? ६.५ क्रीडमूर काडतुसाची रायफल घेतलेल्यांसाठी

आधी माझा गाढवपणा सांगतो. हॉर्नडी कंपनीच्या काडतुसांचे दोन डबे होते, एकात १४० ग्रेन वजनाच्या गोळीची ईएलडी मॅच, म्हणजे स्पर्धेची, दुसऱ्यात १४३ ग्रेनची ईएलडी-एक्स, म्हणजे शिकारीची, आणि मी रेंजवर बसल्या बसल्या दोन्हीतली काडतुसं एकाच ट्रेमध्ये ओतली. दोन्हीचं टोक लाल, पितळ सारखं, वजनात फरक ३ ग्रेनचा, म्हणजे सोनाराच्या हिशोबात दीड-पावणेदोन गुंजा, डोळ्यांना काय कळणार! १०० यार्डांवर दहा राउंड मारले तर कागदावर एकाच्या जागी छिद्रांचे दोन पुंजके, म्हणजे ग्रुप, एक खाली डावीकडे, एक जरा वर, आणि मी अर्धा तास स्कोपचे स्क्रू तपासत बसलो.

तर मुद्दा असा की दिसायला जुळी भावंडं असली तरी दोन्ही एका ठिकाणी पडतीलच असं नाही, आणि आतून तर कामच वेगळं आहे.

मॅच बुलेटचं सगळं लक्ष एकसारखेपणावर. शिशावरच्या तांब्याच्या कवचाची जाडी सगळीकडून सारखी, वजन मधोमध, बस. सिएरा कंपनीची मॅचकिंग ही मॅच बुलेट हातात घेऊन बघा, टोकाला टाचणीने टोचल्यासारखं बारीक छिद्र दिसेल. हे बघून लोक म्हणतात की ही हॉलो पॉइंट, म्हणजे आत जाऊन फुलणार. तसं नाहीये. तांब्याचं कवच बुडाकडून ओढत आणून टोकाशी मिटवतात, तिथे उरलेलं ते तोंड आहे. फायदा मिळतो तो बुडाला, ते बंद आणि गुळगुळीत राहतं, आणि नळीतून सुटताना गॅसचा शेवटचा धक्का बुडालाच बसतो, ते जरा जरी तिरकं असेल तर पुढचं टोक कितीही सुबक असू दे, गोळी भरकटणारच.

पण डब्यावर मॅच लिहिलंय म्हणजे लांब पल्ल्याचीच, असंही समजू नका. .३०८ मधली १६८ ग्रेनची मॅचकिंग मूळची ३०० मीटरच्या स्पर्धांसाठीची, १००० यार्डांपर्यंत जाताना वेग ध्वनीच्या आसपास उतरतो आणि तिथे ती डुलायला लागते, म्हणून लांबच्यासाठी लोक १७५ ग्रेनची घेतात.

हंटिंग बुलेटला मात्र पोचल्यावरही काम आहे. फुलायचं, पण चुरा व्हायचं नाही. १९४८ पासून मिळणाऱ्या नोस्लर पार्टिशनमध्ये मधे तांब्याची आडवी भिंत असते, पुढचा भाग छत्रीसारखा उघडतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो. कुणी शिसं कवचाला जोडून टाकतं, ईएलडी-एक्समध्ये आतून एक कडं असतं. हे सगळं कारागिरीचं काम वाढलं की प्रत्येक गोळी हुबेहूब करणं अवघड होतं, अचूकतेत थोडी मार खातात ती इथे.

थोडी म्हणजे किती? माझ्या रायफलमधून १०० यार्डांवर मॅचचा ग्रुप अर्धा-पाऊण इंच, हंटिंगचा साधारण इंचभर. इंचाचे ६०० यार्डांवर ६ होतात, १००० वर १०. हरणाच्या छातीतली कामाची जागा धरा ८ इंच, म्हणजे ५०० यार्डांपर्यंत हंटिंग बुलेट कमी पडते म्हणणारा माणूस स्वतःचा नेम झाकतोय. एफ-क्लास, म्हणजे लांब पल्ल्याची नेमबाजीची स्पर्धा, खेळायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे १००० यार्डांवर दहाचं वर्तुळच १० इंचांचं आणि मधला एक्स ५ इंचांचा, मॅचशिवाय जाऊच नका.

वाऱ्याचं म्हणाल तर ईएलडी मॅचचा जी-१ आकडा .६४६, ईएलडी-एक्सचा .६२५, आकडा मोठा तेवढी हवा कमी अडवते. ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात १००० यार्डांवर दोघींत फरक पडतो दोन-तीन इंचांचा, आणि वारा ओळखताना तुमचा एका मैलाचा अंदाज चुकला तर सहा इंच गेले! त्यामुळे आकड्यांवरून भांडणाऱ्यांचं मला हसू येतं.

मग मॅचनेच हरीण का मारू नये? सिएरा स्वतःच मॅचकिंग शिकारीसाठी नको म्हणते. कधी सुईसारखी आरपार जाते, कधी वरच्यावर फुटते, आणि जखमी जनावर संध्याकाळभर झाडीत शोधायची पाळी येते. उलट हंटिंग बुलेटलाही वेग लागतो, ईएलडी-एक्स फुलायला १६०० फूट प्रतिसेकंद तरी हवेत, ५०० यार्डांवर ती २००० च्या आसपास असते, पुढे मात्र हिशोब करूनच. कॅलिफोर्नियात असाल तर विषयच संपला, २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, पूर्ण तांब्याची बघा.

भारतात १९७२ चा कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौसेची शिकार उरलीच नाही, त्यामुळे हे सगळं इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी. आणि एच-वन व्हिसावर असाल तर गंमत बघा, बंदूकच काय नुसत्या बुलेट घ्यायच्या तरी वैध हंटिंग लायसन्स लागतं, म्हणजे फक्त कागदावर नेम धरणाऱ्यालाही आधी शिकारी व्हावं लागतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही.

माझं म्हणाल तर फक्त रेंजवर जाणाऱ्याने डोळे मिटून मॅच घ्यावी. वर्षातून दोनदा का होईना शिकार करणाऱ्याने ईएलडी-एक्सच घ्यावी आणि सरावही तिच्यावरच करावा. मी दोन्ही वापरतो, टेक्सासचा डिअर सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो, त्याआधी हंटिंगच्या डब्यावर झिरो, म्हणजे स्कोपचा नेम गोळीशी जुळवणं, परत करून घेतो, स्कोपवरचे आकडे टेपवर लिहून बटाला चिकटवतो, आणि काडतुसं आता आपापल्या डब्यातच राहतात.