ग्लुटेनमुक्त स्वयंपाक शिकताय? पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं

लेकीला सिलिअ‍ॅक असल्याचं, म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन या चिवट प्रथिनाने आतड्याला इजा होत असल्याचं, निदान झालं तेव्हा मला कुकर लावण्यापलीकडे फारसं काही येत नव्हतं. त्यानंतर तीन तऱ्हेची पुस्तकं घरात आली. इथे सांगलीत ओळखीतलं कुणी ना कुणी विचारत असतं, "सुरुवात कोणत्या पुस्तकाने करू?" म्हणून हे लिहितेय.

बेकिंगची इंग्रजी पुस्तकं बघताच आवडतात. पण त्यांची सगळी धडपड असते ती गव्हाचा चिवटपणा दुसऱ्या कशातून तरी आणण्याची. त्यासाठी झँथन गम, टॅपिओका स्टार्च, बदामाचं पीठ लागतं. मापं ग्रॅममध्ये असतात आणि ओव्हनशिवाय पान हलत नाही. वाढदिवसाच्या केकपुरती वाचनालयातून आणा. रोजच्या डब्याचा प्रश्न त्यातून सुटत नाही.

भरड धान्यांची मराठी पुस्तकं मात्र आपल्या ओट्यावरची आहेत. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष होतं, तेव्हापासून ती दुकानात जास्त दिसू लागली. जत-आटपाडीकडची ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी हे सगळं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि मापं वाटी-चमच्याची असतात. यात गव्हाची नक्कल करायची नसते, कारण भाकरीत गहू कधी नव्हताच.

अशा पुस्तकाची परीक्षा भाकरीच्या पानावर घ्या. नुसतं "पीठ मळून भाकरी थापावी" एवढंच लिहिलं असेल तर नवशिक्याला त्याचा काही उपयोग नाही. माझी भाकरी महिनाभर परातीतच फाटत होती. पीठ जुनं होतं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली होती, हे मला ठाऊकच नव्हतं. वाटीभर पिठाला साधारण वाटीभर उकळतं पाणी घालून उकड काढायची, पाच मिनिटं झाकायची, मग तळहाताच्या टाचेने रगडून कडा चिरायच्या थांबेपर्यंत मळायची. ज्या पुस्तकात हे इतक्या बारकाईने दिलंय, ते घ्या.

पण एक धोका आहे. भरड धान्यांचं पुस्तक म्हणजे ग्लुटेनमुक्त पुस्तक नव्हे. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो, सातूच्या पिठातही असतो. बांधणी हिंगात अनेकदा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. आणि आपल्या भागात ज्याचं फार कौतुक, तो खपली! मधुमेहींसाठी म्हणून तो अशा पुस्तकांत हमखास भेटतो. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे. सिलिअ‍ॅकच्या माणसाला तो चालत नाही.

म्हणून तिसरी तऱ्हा, आहारतज्ज्ञांनी सिलिअ‍ॅकच्या रुग्णांसाठी काढलेल्या पुस्तिका. माझ्याकडची हिंदीत आहे. पदार्थ बेताचेच, फोटो एकही नाही. तरी सर्वात जास्त पानं दुमडलेली हिचीच. एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असलेल्या पदार्थावर 'ग्लुटेनमुक्त' लिहिता येत नाही, हे मला तिच्यातून कळलं. गव्हावर दळलेली ज्वारी चालत नाही, हेही. मग आम्ही घरघंटी घेतली, पोळपाट-लाटणं वेगळं केलं. संशय आला म्हणून तपासणीआधीच गहू बंद करू नका, रक्ततपासणी चुकीची निगेटिव्ह येऊ शकते, हा इशारा तर प्रत्येक घरापर्यंत पोचायला हवा.

एकच पुस्तक परवडणार असेल आणि घरात सिलिअ‍ॅक असेल, तर आधी पुस्तिका. भाकरी एखाद्या आजीकडून शिकता येईल. डॉक्टरांनी सिलिअ‍ॅक नाही असं सांगितलंय आणि नुसता गहू कमी करायचाय, तर सरळ भरड धान्यांचं मराठी पुस्तक घ्या. दोन्ही घेता आली तर पुस्तिका शेजारी ठेवून पेन्सिलीने मराठी पुस्तकातला हिंग, भाजणी, सातू, खपली खोडून टाका. मला एक संध्याकाळ लागली होती.